छत्तीसशे फूट

रात्री उशिरा वसमतच्या आकाशातून पश्चिमेकडे सरकत जाणारे लुकलुकते दिवे आपल्या ओळखीचे आहेत. पूर्वेकडून मुंबईला जाणारी बरीच विमाने मराठवाड्यावरून जातात. इथून मुंबई त्यांना पाऊण तासावर राहिलेली असते. आत जेवणाची ताटे उचलून झालेली असतात, कुणी पेंगत असते, कुणी घड्याळ पाहत असते. वैमानिकाच्या डोक्यात मात्र एकच हिशेब चालू असतो. खाली उतरायला सुरुवात कधी करायची?

६ जुलै १९६२ च्या रात्री असेच एक विमान मराठवाड्यावरून गेले. अलितालिया या इटालियन कंपनीची ती ७७१ क्रमांकाची फेरी होती. विमानात ९४ माणसे होती आणि ते मुंबईला पोचलेच नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या एका डोंगराला धडकून ते संपले. महाराष्ट्राच्या भूमीवर झालेला हा इतका मोठा अपघात, पण आज त्याची आठवण जुन्नरबाहेर फारशी कुणाला नाही.

चौकशीचा निष्कर्ष वैमानिकाच्या चुकीकडे बोट दाखवतो आणि तो मला मान्य आहे. पण त्या रात्रीचे शेवटचे संभाषण डोळ्यांपुढे आणले की वाटते, चूक एकट्या कॉकपिटमध्ये घडली नाही. जमीन आणि आकाश यांच्यात जे बोलणे झाले त्यातही ती होती. म्हणून ती रात्र घड्याळाप्रमाणे पुन्हा पाहायची. विमानवाहतुकीच्या नोंदी ग्रिनिचच्या वेळेत असतात. इथे सगळ्या वेळा भारतीय घड्याळाच्या दिल्या आहेत.

रात्री ८.४६

बँकॉकहून विमान उडाले. डग्लस कंपनीचे डीसी-८, चार इंजिनांचे जेट. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर असे थांबे घेत ते आले होते. पुढे मुंबई, कराची, तेहरान आणि शेवटी रोम. ८५ प्रवासी, ९ कर्मचारी.

जेट विमाने तेव्हा नवी होती. एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ येऊन दोनच वर्षे झाली होती. विमाने एकदम जवळजवळ दुप्पट वेगाने धावू लागली, पण त्यांच्याशी बोलण्याची रीत पंख्यांच्या विमानांच्या काळातलीच होती. जुन्या विमानाचा वैमानिक दोन मिनिटे चुकला तर दहा-पंधरा किलोमीटर चुकत असे. जेटचा वैमानिक तेवढ्याच वेळात तीस किलोमीटर चुकतो.

रात्री १०.५०

बंगालच्या उपसागराच्या बाजूने येणाऱ्या विमानाने मुंबईच्या माहिती केंद्राशी पहिला संपर्क साधला. इतक्या लांबून बोलायचे ते लघुलहरींवर. खरखर, शिट्ट्या, मध्येच दुसऱ्याच कुणाचा आवाज, आणि त्यातून आकडे वेचून घ्यायचे.

जमिनीवर त्या काळी नियंत्रकाचे मुख्य साधन म्हणजे कागदाची एक अरुंद पट्टी. एका विमानाला एक पट्टी. तिच्यावर विमानाचा क्रमांक, कुठून कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या ठिकाणावर किती वाजता. वैमानिक बोलला की नियंत्रक पट्टीवर नवी वेळ लिहितो आणि जुनी खोडतो. विमान पुढे सरकते ते त्या पट्टीवर. म्हणजे विमान कुठे आहे हे नियंत्रकाला ठाऊक असते ते मुख्यतः वैमानिकाने सांगितले म्हणून. वैमानिकाचाच अंदाज चुकला तर पट्टीवर तीच चूक नीट अक्षरात लिहिली जाते, आणि पुढचा प्रत्येक आदेश त्या अक्षरांवर उभा राहतो.

ही पद्धत वाईट नव्हती. तिने हजारो विमाने सुखरूप उतरवली. पण तिची एक अट होती, दोन्ही बाजूंनी सतत विचारत राहायला हवे.

रात्री ११.४० च्या सुमारास

विमान आता मराठवाड्यावर होते. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा व्हायला अजून सदतीस वर्षे होती. आषाढी एकादशी आठवड्यावर आली होती. शुद्ध पक्षातले पहिले दिवस, कोवळा चंद्र मध्यरात्रीच्या आधीच मावळणारा. मृग सरले होते आणि पश्चिमेला सह्याद्रीवर ढग टेकलेले.

मराठवाड्यातून मुंबईला रस्त्याने गेलेल्या माणसाला जमिनीचा उतार पाठ असतो. औरंगाबाद, नगर, जुन्नर इथवर आपण पठारावरच असतो. मग माळशेजसारखा घाट येतो आणि जमीन एकदम पायाखालून निघून जाते. खाली कोकण. पण ती निघून जाण्याआधी वर उठते. कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. हरिश्चंद्रगड त्याहून थोडा कमी. नाणेघाट, जीवधन, निमगिरी, हडसर हे सगळे जुन्नरच्या अंगावर उभे. पूर्वेकडून येणाऱ्या विमानाने ही भिंत ओलांडल्यावरच खाली उतरायचे. ओलांडण्यापूर्वी कितीही घाई असली तरी नाही.

दिवसा, स्वच्छ हवेत हे सांगावे लागत नाही. आषाढातल्या काळोख्या रात्री, ढगात, सह्याद्री असतो तो फक्त नकाशावर. आणि या वैमानिकाला त्या मार्गावरच्या भूभागाची पुरेशी ओळख नव्हती, असे चौकशीने पुढे नोंदवले.

रात्री ११.५४ च्या सुमारास

वैमानिकाने उतरण्याची परवानगी मागितली आणि मुंबईने ती दिली. गणित सोपे होते. तीस-पस्तीस हजार फुटांवरून मिनिटाला दोन हजार फूट या वेगाने उतरले तर पंधराएक मिनिटांत विमान धावपट्टीच्या उंचीजवळ येते. त्या पंधरा मिनिटांत मुंबई आली पाहिजे. वैमानिकाला वाटत होते, येईल.

चूक इथे सुरू झाली. आपण मुंबईच्या जितके जवळ आहोत असे त्याला वाटत होते, तितके जवळ तो नव्हता. हे तपासायला साधने होती. जमिनीवरची रेडिओ केंद्रे दिशा सांगत होती, कॉकपिटमधली सुई त्यांच्याकडे वळत होती. त्या सुया वापरून आपली जागा नक्की करणे दोन मिनिटांचे काम होते. ते झाले नाही, आणि चौकशी अहवालाने नेमके यावरच बोट ठेवले.

मध्यरात्रीच्या आसपास

आता बोलणे मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरच्या ॲप्रोच नियंत्रकाशी, म्हणजे उतरणाऱ्या विमानांना आत घेणाऱ्याशी, चालू होते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून विमाने पूर्वेकडून येऊन २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरतात. सरळ आत यायचे. त्यासाठी धावपट्टीच्या काही मैल अलीकडे जमिनीवर एक खूण असते, आउटर मार्कर. ती डोळ्यांना दिसायची गरज नाही. विमान तिच्या नेमके वर आले की कॉकपिटमध्ये निळा दिवा लुकलुकतो आणि कानात टूं-टूं वाजते. वैमानिकासाठी ते दार ठोठावल्यासारखे असते. इथून पुढे धावपट्टीची रेडिओ-किरणे त्याचा हात धरून खाली नेतात.

इथे पोचताना विमान ३,६०० फुटांवर असावे आणि उंची थोडी जास्त वाटली तर आउटर मार्करवर एक पूर्ण घिरटी घालून, ३६० अंशांची, मग आत यावे, असा बेत ठरत होता.

यातला ३,६०० हा आकडा पाहा. तो मुंबईचा आकडा आहे. आउटर मार्करच्या परिसराचा, किनाऱ्याजवळच्या सखल जमिनीचा. तिथे ३,६०० फूट म्हणजे भरपूर मोकळी हवा. सह्याद्रीवर तोच आकडा म्हणजे कित्येक माथ्यांच्या खाली. उंचीचा आकडा नुसता कधीच पुरा नसतो, तो कुठल्या जागेसाठी आहे हे त्याच्याबरोबर चिकटलेले असावे लागते. रेडिओवर मात्र आकडा एकटाच प्रवास करतो.

रात्री १२.०८

तारीख बदलून ७ जुलै, शनिवार सुरू झाला होता. विमानाने कळवले की पाच हजार फूट सोडून ३,६०० कडे जात आहोत. पुढे दोघांत बोलणे झाले ते घिरटीविषयी. आउटर मार्करवर ३६० अंशांचे वळण घेणार ना? हो.

याहून साधे संभाषण शोधून सापडणार नाही. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाला कुणाची भाषा कळली नाही असे नाही, खरखरीत शब्द हरवला नाही. दोन प्रशिक्षित माणसांनी एका वळणाची खातरजमा केली. ते वळण ज्या जागेवर घ्यायचे होते ती जागा मात्र विमानापासून अजून कितीतरी दूर होती, सह्याद्रीच्या पलीकडे. वैमानिक समजत होता, आता टूं-टूं ऐकू येईल. नियंत्रक समजत होता, विमान आपल्या दारात आले आहे. दोघांचेही समजणे एकमेकांच्या समजण्यावर टेकलेले होते. वैमानिकाला वाटले, मी चुकीच्या जागी असतो तर नियंत्रकाने ३,६०० ला हो म्हटले नसते. नियंत्रकाला वाटले असणार, वैमानिक ३,६०० ला निघाला आहे म्हणजे डोंगर मागे टाकले असतील. हे शेवटचे दोन 'वाटले' मी माझ्या मनाने लिहिले आहेत. पण त्या दोघांनी जे केले त्याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही.

या शेवटच्या मिनिटांत विषय होता तो उंचीचा आणि वळणाचा, जागेचा नव्हता.

रात्री १२.१०

मुंबईच्या ईशान्येला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर विमान डोंगराला धडकले. अहवालात हा डोंगर 'दवंड्याची' या नावाने आला आहे. उंची सुमारे ३,६०० फूट. माथ्यापासून अवघे काही फूट खाली विमान आदळले. मंजूर झालेली उंची आणि डोंगराची उंची जवळजवळ सारखीच निघाली.

मुंबईने पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर आले नाही. ९४ पैकी एकही जण वाचला नाही.

भारत सरकारच्या चौकशीने कारण असे नोंदवले: मार्गनिश्चितीतली चूक, ज्यामुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या प्रत्यक्षाहून अधिक जवळ आहोत असे वाटले आणि रात्री, ढगाळ हवेत, सरळ उतरण्यासाठी तो वेळेआधीच खाली आला. जोडीला तीन गोष्टी. उपलब्ध साधने वापरून जागा तपासली नाही. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली. मार्गावरच्या भूभागाची ओळख नव्हती. तिन्ही गोष्टी कॉकपिटमधल्या.

त्या काळचा नियमही तसाच होता. डोंगरापासून दूर राहणे ही वैमानिकाची जबाबदारी. नियंत्रक पाहतो ते विमान विमानावर आदळू नये एवढे. नियम म्हणून हे स्पष्ट आहे. पण आपण खाली उतरायला परवानगी मागतो आणि समोरचा ती देतो, तेव्हा ऐकणाऱ्या माणसाला त्यात 'खाली मोकळे आहे' हेही ऐकू येते. ते बोललेले नसते, तरी ऐकू येते. या फटीबद्दल १९६२ च्या निष्कर्षात एक शब्द नाही, आणि ती फट बुजली नाही म्हणून पुढे माणसे मेली असे माझे मत आहे.

हे मत पोकळ नाही. बारा वर्षांनी अमेरिकेत जवळजवळ हाच अपघात पुन्हा झाला. १ डिसेंबर १९७४, टीडब्ल्यूए कंपनीची ५१४ क्रमांकाची फेरी. वाऱ्यामुळे विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे वळवलेले. सकाळी ११.०४ ला नियंत्रकाने उतरणीची परवानगी दिली तेव्हा विमान विमानतळापासून ४४ मैल दूर होते. अंतिम टप्प्याची किमान उंची १,८०० फूट, ती नकाशावर छापलेली. कप्तानाला नकाशावर मधल्या टप्प्यासाठी ३,४०० फूट लिहिलेले दिसलेही. कॉकपिटमध्ये त्यावर चर्चा झाली. मग त्याने निर्णय दिला की नियंत्रकाने परवानगी दिली आहे, म्हणजे सुरुवातीच्या उंचीपर्यंत खाली जायला हरकत नाही. ११.०९ ला विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर या डोंगरावर आदळले. ९२ माणसे गेली. इथे तर नियंत्रकापुढे रडार होते.

फरक पडला तो चौकशीत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांच्या निर्णयाला कारण ठरवले आणि तिथेच न थांबता पुढचा प्रश्न विचारला. असा निर्णय त्यांनी घेतला का? उत्तर आले, नियंत्रणाच्या पद्धतीतच संदिग्धता होती, आणि कोणाची जबाबदारी कुठे संपते याबद्दल वैमानिक व नियंत्रक यांचे समज वेगवेगळे होते. त्यानंतर नियम बदलला. विमान छापील उतरणमार्गाच्या ठरलेल्या टप्प्यावर पोचेपर्यंत किती उंची राखायची हे नियंत्रकाने परवानगीबरोबरच सांगायचे. जमीन जवळ आली की कॉकपिटमध्ये ओरडून सांगणारे यंत्रही अमेरिकेतल्या प्रवासी विमानांना सक्तीचे झाले. 'आउटर मार्कर येईपर्यंत इतके फूट सोडू नका' एवढे एक वाक्य नियमात बसवायला बारा वर्षे आणि आणखी एक डोंगर लागला. जुन्नरच्या वेळी हा पुढचा प्रश्न विचारला गेला असता तर ते वाक्य भारतातून जगात गेले असते.

आता पुन्हा मागे येऊ, कारण जुन्नरनंतर साडेतीन वर्षांनी आपलेच एक विमान असेच हरवले. ते मात्र सगळ्यांना आठवते.

२४ जानेवारी १९६६

एअर इंडियाची १०१ क्रमांकाची फेरी रात्री मुंबईहून निघाली. बोइंग ७०७, नाव 'कांचनजंगा'. दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, लंडन. विमानात डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी निघालेले. लालबहादूर शास्त्रींना जाऊन तेरा दिवस झाले होते आणि त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींचा शपथविधी व्हायचा होता.

बैरूतहून निघताना विमानातल्या दोन व्हीओआर संचांपैकी, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवरून दिशा सांगणाऱ्या संचांपैकी, एक बिघडलेला होता. म्हणजे जागा नक्की करण्याची एक वाट आधीच बंद.

भारतात दुपारचे साडेबारा वाजत आले होते, आल्प्समध्ये सकाळचे आठ. विमान १९,००० फुटांवर. जिनिव्हाच्या नियंत्रकाने ती उंची राखायला सांगितले. ढगांच्या हजार फूट वर, डोळ्यांनी पाहत उतरता येत असेल तरच खाली या. वैमानिकाने ते मान्य केले आणि पुढे म्हटले, आम्ही माँ ब्लाँच्या बाजूने जात आहोत.

नियंत्रकाच्या रडारवर तसे दिसत नव्हते. विमान अजून डोंगराच्या अलीकडे होते. जुन्नरच्या रात्री जे घडले नाही ते इथे घडले, जमिनीवरच्या माणसाला चूक दिसली आणि त्याने ती सांगितलीही. तो म्हणाला, तुम्हाला माँ ब्लाँला पाच मैल आहेत. वैमानिक म्हणाला, रॉजर. आणि त्याने विमान खाली घ्यायला सुरुवात केली.

१२.३२ ला 'कांचनजंगा' शिखराजवळच्या खडकावर सुमारे १५,६०० फुटांवर आदळले. ११७ जण गेले. १९५० साली एअर इंडियाचेच 'मलबार प्रिन्सेस' जवळपास त्याच जागी ४८ माणसांसह कोसळले होते.

फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मी जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा अस्वस्थ होतो. नियंत्रकाने विमानाची खरी जागा ओळखली, आणि वैमानिकाला चूक सुधारता येईल असे त्याला वाटले त्या रूपात ती सांगितली. पण शब्दरचना पुरेशी नेमकी नसल्यामुळे वैमानिकाचा गैरसमज झाला. शिखराकडे जाणारी धार आपण ओलांडली आहे असे समजून तो उतरत राहिला.

पाच मैल पुढे की पाच मैल मागे? वाक्यात ते होते, पण सैल. 'थांबा, तुम्ही अजून ओलांडलेले नाही' असे ते नव्हते. आणि 'रॉजर'चा अर्थ एवढाच की तुमचे बोलणे मिळाले. काय मिळाले ते त्यातून कळत नाही. वैमानिकाने 'माँ ब्लाँ पाच मैल पुढे' असे उलट म्हणून दाखवले असते तर बोलता बोलता त्याच्या कानांनीच ते पकडले असते.

डॉ. भाभांच्या मृत्यूभोवती साठ वर्षे कटाच्या कहाण्या फिरत आहेत. इतका मोठा माणूस एका सैल वाक्यामुळे जावा हे मनाला पटत नाही, हे मी समजू शकतो. पण त्या कहाण्यांची किंमत आपण मोजली आहे. घातपात म्हटले की सुधारण्यासारखे काही उरत नाही. मराठीत माँ ब्लाँवर पुष्कळ बोलले जाते, त्या पाच मैलांच्या वाक्यावर जवळजवळ काहीच नाही.

१२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळी ६.३२

माँ ब्लाँनंतर तीस वर्षांनी दिल्लीच्या आकाशात पुन्हा असेच बोलणे चुकले. दिल्लीहून सौदिया या सौदी कंपनीचे ७६३ क्रमांकाचे जंबो ३१२ जणांना घेऊन उडाले. त्यात आखाती देशांत कामाला निघालेले पुष्कळ भारतीय होते. समोरून कझाकस्तानहून इल्युशिन-७६ येत होते, आत ३७ जण. दिल्लीत तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच हवाई वाट होती. नियंत्रकाने चढणाऱ्याला १४,००० फुटांवर थांबवले आणि उतरणाऱ्याला १५,००० वर.

कझाक विमानात इंग्रजी बोलण्याचे काम रेडिओ ऑपरेटरचे. त्याच्यासमोर स्वतःचे उंचीमापक नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून पाहायचे. आदेश त्याने ऐकायचा आणि विमान दुसऱ्याने चालवायचे. दिल्लीच्या रडारवर विमान ठिपक्यासारखे दिसे, त्याची उंची दिसत नसे. म्हणजे १९६२ च्या कागदी पट्टीला रडारची जोड मिळाली होती, पण उंचीपुरता नियंत्रक अजूनही वैमानिकाच्या शब्दावरच होता.

६.४० च्या आधी कझाक विमानाने १५,००० गाठल्याचे कळवले. नियंत्रकाने सांगितले, समोरून सौदियाचे बोइंग येत आहे, दिसले की कळवा. विमानाने अंतर विचारले, अंतर मिळाले. प्रत्यक्षात इल्युशिन पंधरा हजारांच्या खाली घसरत होते. शेवटच्या क्षणांत रेडिओ ऑपरेटरने आपल्या माणसांना '१५०', म्हणजे पंधरा हजार फूट, राखायची आठवण केली, ते विमान वर घ्यायला लागले, आणि त्याच्या शेपटीने जंबोचा डावा पंख कापला. चरखी दादरीच्या शेतांत ३४९ जण मेले. हवेत दोन विमानांची टक्कर होऊन इतकी माणसे आजवर कुठेही गेलेली नाहीत.

न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने कझाक विमानाचे परवानगीशिवाय खाली येणे हे कारण मानले. पण यावेळी सुधारणा तिथेच थांबल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार कामाला लागले, समोर विमान आल्याचा इशारा देणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. पुढे मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गांवरच्या वैमानिक-नियंत्रकांसाठी इंग्रजीची किमान पातळी जगभर ठरवली गेली.

आणि सर्वांत स्वस्त सुधारणा अशी की उंचीचा, दिशेचा, धावपट्टीचा आदेश मिळाला की वैमानिकाने तो आकड्यांसह पुन्हा म्हणून दाखवायचा. तो ऐकून घेणे आणि चुकला असेल तर तिथेच दुरुस्त करणे हे नियंत्रकाचे काम. अशा आदेशाला नुसते 'रॉजर' आले तर ते उत्तर धरायचे नाही, पुन्हा विचारायचे.